पिवळं पान: जुनं की नवं?

कुंडीतल्या जास्वंदीची पानं पिवळी पडली की मोबाइलवरचे व्हिडिओ एकच औषध सांगतात: चमचाभर एप्सम सॉल्ट. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम कमी पडलं असेल तरच त्याचा उपयोग, आणि ते कमी पडलंय की नाही हे झाडच सांगतं. त्यासाठी पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघायचं.

नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही द्रव्यं झाडात हलवता येतात. तुटवडा आला की झाड जुन्या पानांतली प्रथिनं आणि हरितद्रव्य मोडून ती द्रव्यं रसवाहिन्यांतून शेंड्याकडे पाठवतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. पान सरसकट फिकं पडलं तर नत्र कमी, कडा करपल्या तर पालाश, आणि शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला तर मॅग्नेशियम. लोह आणि कॅल्शियम मात्र एकदा पानात बसले की सहसा हलत नाहीत. त्यांची चणचण कोवळ्या पानांवर दिसते.

शेंड्याची पानं पिवळी आणि शिरांची जाळी हिरवीगार, हे लोहाचं लक्षण. ऊस-भुईमुगाचे शेतकरी याला केवडा म्हणतात. गंमत अशी, की मातीत लोह भरपूर असतं. मुळांना मिळत नाही इतकंच. मातीचा सामू (पीएच; जास्त म्हणजे माती अल्कधर्मी) एकने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपट घटते. यावर जास्वंद, लिंबू, गुलाब यांच्या मुळांकडे उपाय असतो. मुळं हायड्रोजन आयन बाहेर सोडून भोवतालची माती आम्ल करतात, विरघळलेल्या फेरिक लोहाला एक इलेक्ट्रॉन देऊन त्याचं फेरस लोह करतात आणि तेच आत घेतात. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातला बायकार्बोनेट हा अल्कधर्मी घटक मुळांनी सोडलेले हायड्रोजन आयन तिथल्या तिथे खाऊन टाकतो. मुळं आम्ल सोडत राहतात, आपण रोज तांब्याभर पाण्यातून त्यावर उतारा घालत राहतो.

म्हणून गंजके खिळे पुरून फायदा नाही. गंज म्हणजे तेच न विरघळणारं फेरिक लोह, आणि ते मातीत आधीच आहे. अंड्याच्या टरफलांची पूड तर चुनाच वाढवते.

खात्री करायची तर एकाच फांदीवर करावी. लिटरभर पाण्यात आधी 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, मग 5 ग्रॅम ताजं, हिरवट हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवा. तांबूस झालेलं हिराकस नको, ते गंजलेलं असतं. संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. आठवडाभरात पिवळ्या पानावर जिथे थेंब बसले तिथे हिरवे ठिपके उमटले, तर निदान पक्कं. फवारा फरशीवर पडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत.

पण फवारणीने नवी पालवी सुधारत नाही. मातीत द्यायचं तर चिलेटेड लोह (सेंद्रिय रेणूने धरून विद्राव्य ठेवलेलं लोह) घ्या आणि पाकिटावर ‘ईडीडीएचए’ आहे का ते वाचा. स्वस्तातलं ‘ईडीटीए’ चुनखडीच्या मातीत लोह लवकर सोडून देतं. 12 इंची कुंडीला 2 ग्रॅम पाण्यातून पुरे. शिवाय एसीचं निथळलेलं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी नळाच्या पाण्यात निम्मं मिसळा. लिंबू पिळून पाणी आंबट करण्याचा परिणाम टिकत नाही, कारण मातीतले जिवाणू ते आम्ल खातात आणि अल्कता परत येते.

या सगळ्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. बोट दोन पेरं मातीत घाला. माती सतत चिकट ओली असेल तर मुळांना प्राणवायू मिळत नाही, आणि मग कुठलंही खत घातलं तरी पान पिवळंच राहतं. आधी पाणी थांबवा, तळाचं भोक मोकळं करा. दुसरं, पान पांढऱ्या कागदावर झटका. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले तर ते कोळी (माइट्स) आहेत, आणि पिवळेपणा त्यांनी रस शोषल्याचा. पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तीन-चार दिवसांआड धुवा.

तुळस डिसेंबरात पिवळी पडून वाळते तेव्हा घरात कुणाला तरी नजर आठवते. थंडी तिला सोसत नाही आणि मंजिऱ्या न खुडल्याने ती बी धरून थकलेली असते. मंजिऱ्या खुडा, कुंडी दुपारच्या उन्हात सरकवा आणि पाणी निम्मं करा.