पृष्ठजलाच्या गुणवत्तेचे ऋतुनिहाय मूल्यमापन

नद्या, ओढे, तलाव व जलाशय यांच्या पाण्याची वेगवेगळ्या ऋतूंत भौतिक, रासायनिक व जैविक तपासणी करून प्रदूषण ठरवण्याची पद्धत. एकाच ऋतूतल्या नमुन्यांवरून काढलेला निष्कर्ष सहसा फसतो.

तापमानाचा परिणाम विरघळलेल्या ऑक्सिजनवर थेट दिसतो. समुद्रसपाटीला गोड्या पाण्यात ०° से.ला लिटरमागे सुमारे १४.६ मिग्रॅ. ऑक्सिजन मावतो, ३०° से.ला जेमतेम ७.५. शिवाय उन्हाळ्यात जिवाणूंची भूक वाढते आणि प्रवाह आटलेला असतो. सांडपाणी मिसळल्यावर ऑक्सिजन काही अंतर घसरत जातो व पुढे सावरतो. ही वक्ररेषा स्ट्रीटर व फेल्प्स या संशोधकांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासातून गणितात मांडली.

पावसाळ्यात चित्र पालटते. नाल्यातून ठरावीक जागी पडणारे सांडपाणी नदीच्या वाढत्या विसर्गात, म्हणजे सेकंदाला वाहणाऱ्या पाण्यात, विरळ होते. शेतातले नत्र, स्फुरद आणि गाळ मात्र पावसाबरोबरच येतात. कोरड्या दिवसांत साचलेली घाण तर पहिल्याच जोरदार सरीत वाहून येते, आणि दोन दिवसांनी बाटली घेऊन गेलेल्याला ती सापडतही नाही. म्हणून संहतीबरोबर (लिटरमागे प्रदूषक किती) प्रदूषकाचा भार, म्हणजे संहती गुणिले विसर्ग, काढावा लागतो. समजा, उन्हाळ्यात विसर्ग सेकंदाला २ घनमीटर आणि नायट्रेट लिटरला ६ मिग्रॅ. आहे, भार झाला सेकंदाला १२ ग्रॅम. पुरात विसर्ग १०० घनमीटर आणि नायट्रेट ३ मिग्रॅ. असेल, तर भार ३०० ग्रॅम. संहती निम्मी, भार पंचवीसपट! खालच्या जलाशयात शेवाळ माजेल का, हे बरेचसे या भारावर ठरते.

खोल तलावांत उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात; तळाचा ऑक्सिजन संपला की गाळातले स्फुरद सुटते. तिथे नुसत्या पृष्ठभागाचा नमुना पुरत नाही.

ऑक्सिजनचा नमुना काठावरच 'बांधून' ठेवतात, म्हणजे त्यातला ऑक्सिजन पुढे बदलू नये म्हणून रसायनांनी धरून ठेवतात. बुडबुडा न राहू देता बाटली भरून तीत मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड घालतात. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळपास नाही. शेवाळ असलेल्या पाण्यात ऑक्सिजन पहाटे नीचांकी असतो, त्यामुळे ऋतूंची तुलना करताना नमुन्याची वेळही सारखी हवी.

अनेक मोजमापे एका आकड्यात गुंफणारा जलगुणवत्ता निर्देशांक हॉर्टन यांनी १९६५ मध्ये सुचवला. लोकांना सांगायला तो सोपा, पण सरासरीवर आधारलेल्या निर्देशांकात विष्ठेतील जिवाणूंचा वाईट आकडा इतर चांगल्या आकड्यांआड सहज दडतो. वार्षिक सरासरी काढली तर उन्हाळ्याचे बिघडलेले महिनेही तसेच दडतात.