मेणबत्ती, कापूस आणि करून शिकणं

मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत पडद्यावर एक त्रिकोण आला. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, स्वतः केलेलं ९० टक्के. खाली नाव अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांचं, आणि लगेच पुढचा विषय टॅब्लेटच्या वेगळ्या फीचा.

या आकड्यांमागे कुठलाही प्रयोग नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी १९४६ साली अनुभवांच्या प्रकारांचा एक शंकू काढला होता. त्यात टक्केवारी नव्हतीच, ती नंतर कुणीतरी चिकटवली. माणसाची स्मृती दहा-दहाच्या पायऱ्यांनी चढते, यावर आपण विश्वास कसा ठेवतो? आणि हात चालले की डोक्यात आपोआप शिरतं, असं ड्युई कधीच म्हणाले नव्हते. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्याकडे शिकले आणि ज्यांचं ऋण त्यांनी जाहीरपणे मानलं, ते हे ड्युई. त्यांचं खरं म्हणणं एका मेणबत्तीत आहे.

१८९६ साली शिकागोत असताना ड्युईंनी प्रतिक्षिप्त क्रियेवर एक लेख लिहिला. उदाहरण मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांच्या पुस्तकातलं: बाळाला ज्योत दिसते, ते हात घालतं, चटका बसतो, हात मागे येतो. शाळेत आपण हे बाणांनी काढतो. उजेड हे उद्दीपन, हात पुढे जाणं हा प्रतिसाद. चटका हे दुसरं उद्दीपन, हात मागे येणं हा दुसरा प्रतिसाद. दोन तुकडे, एकामागे एक. उद्दीपनापासून प्रतिसादापर्यंतच्या या वाटेला प्रतिक्षिप्त कमान म्हणतात.

ड्युई म्हणाले, सुरुवात उजेडापासून होतच नाही, पाहण्यापासून होते. आणि पाहणं ही क्रिया आहे: मान वळते, डोळे ज्योतीवर स्थिरावतात. हात पुढे जात असताना पाहणं थांबलेलं नसतं. डोळा हाताला दिशा देतो, हात जिथे पोचलाय त्यावरून डोळा पुन्हा जुळवून घेतो. मग चटका बसतो. तो बाहेरून येऊन पडलेली वेगळी घटना नाही, त्याच पाहण्याचा आणि पोचण्याचा तो शेवट आहे. तो मागे फिरून पाहणंच बदलून टाकतो. पुढच्या वेळी बाळाला नुसता उजेड दिसत नाही, ‘हात लावला तर पोळणारा उजेड’ दिसतो. म्हणजे ही कमान नाही, वर्तुळ आहे. फ्रिजच्या थर्मोस्टॅटमध्येही परिणाम मागे येतो आणि यंत्र चालू-बंद होतं. पण थर्मोस्टॅटसाठी ‘थंड’चा अर्थ कधी बदलत नाही. बाळासाठी ज्योतीचा अर्थच बदलला. झोपेत बाळाच्या हातावर ठिणगी पडली तर दुखेल तेवढंच, पण ज्योतीबद्दल ते काही शिकणार नाही. आपण केलेलं आणि आपल्याला भोगावं लागलेलं यांची गाठ पडली, तरच त्याला ड्युई अनुभव म्हणतात.

त्याच वर्षी जानेवारीत त्यांची प्रयोगशाळा-शाळा १६ मुलांनिशी सुरू झाली होती. बाकं शोधत ते शहरातली दुकानं हिंडले, तेव्हा एक दुकानदार म्हणाला की तुम्हाला मुलं काम करतील अशी बाकं हवीत आणि आमची सगळी ऐकण्यासाठीची आहेत. या शाळेत मुलांच्या हाती कच्चा कापूस आणि लोकर दिली गेली. अर्धा तास बोटांनी सरकी काढून एक औंस, म्हणजे २८ ग्रॅमही रुई निघाली नाही. लोकरीचे तंतू लांब, खरखरीत, एकमेकांना धरून राहणारे. कापसाचे आखूड आणि गुळगुळीत. त्यांचे पूर्वज सुती सोडून लोकरीचे कपडे का वापरत, हे मुलांना बोटांतून कळलं. त्यानंतर सरकी काढण्याचं यंत्र समोर आलं, की ते आपल्याच अडचणीचं उत्तर म्हणून येतं. ड्युईंच्या लेखी तंत्रज्ञान म्हणजे हेच.

परिणामांवरून अर्थ ठरवण्याच्या या विचाराला मराठीत फलप्रामाण्यवाद म्हणतात आणि नावामुळेच घोळ होतो. ‘गुण आला ना, मग खरं’ असा त्याचा अर्थ लावतात. ताईत बांधला, ताप उतरला! पण याचे जनक चार्ल्स पर्स अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्यात लंबकाने गुरुत्वाकर्षण मोजणारे होते. एखादी वस्तू ‘कठीण’ आहे म्हणजे काय? तर इतर अनेक पदार्थांनी तिच्यावर ओरखडा उठत नाही, हे त्यांनी १८७८ साली लिहिलं. परिणाम कुणीही तपासावा असा हवा. ताईत न बांधलेल्यांचा ताप किती दिवसांत उतरला, हेही मोजावं लागेल.

टॅब्लेटलाही हीच कसोटी लावावी. पडद्यावर लंबकाची दोरी लांबवली आणि झोका संथ झाला, तर मुलाच्या कृतीचा परिणाम मुलाकडे परत आला. उत्तरावर नुसती हिरवी खूण उमटली तर परत आली ती कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेली शाबासकी.

मुलीच्या वर्गात पाणी गाळण्याचा प्रकल्प होता. बहुतेक मुलांनी दुकानातून तयार प्रतिकृती आणली. आम्ही बाटली कापून कापूस, वाळू, खडी भरली आणि पाणी आधीपेक्षा गढूळ निघालं. ती रडकुंडीला आली. मग तिने सगळं उपसलं आणि वाळू बादलीत घालून चोळली. चौथ्या पाण्याला बादली नितळ दिसली. दोन दिवसांनी रस्त्यात एका बांधकामापाशी वाळूचा ढीग लागला. रोजचाच ढीग. ती थांबली आणि म्हणाली, ‘‘बाबा, ही धुवायला किती पाणी लागेल?’’