तोई पोपट
सिटॅक्युलिडी कुलातील एक लहान, लांब शेपटीचा पोपट. शास्त्रीय नाव सिटॅक्युला सायनोसेफाला. तोई, टुई ही नावे त्याच्या 'टुइंक टुइंक' अशा चढत्या हाकेवरून पडली असावीत. 'राघू' हे नाव मराठीत सरसकट सर्वच पोपटांना लावतात. पंचवटीच्या गावात, म्हणजे नाशिकात, या नावाची सांगड रघुकुलाशी घालण्याचा मोह साहजिक आहे, परंतु त्यातून जात ओळखता येत नसल्याने ते येथे वापरलेले नाही.

जातिनामाचा अर्थ 'निळ्या डोक्याचा' असा असून लिनीअसने ते १७६६ मध्ये दिले. नराचे डोके मात्र ठळकपणे आलुबुखारासारखे तांबूस असते. ही विसंगती दोन प्रकारे उलगडता येते : एक तर नराच्या डोक्याच्या मागील भागावरील निळसर झाक नाव देताना डोळ्यांपुढे असावी, किंवा मादीचे करडे-निळे डोके. पहिला अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. प्रजातीविषयीचा (जवळच्या जातींच्या गटाविषयीचा) वाद अलीकडचा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेणवीय (डीएनएच्या) अभ्यासाने जुनी सिटॅक्युला प्रजाती एकसंध नसल्याचे दाखवून तिचे तुकडे सुचविले आणि हा पोपट, ईशान्येकडील गुलाबी डोक्याचा पोपट व हिमालयातील राखी डोक्याचे त्याचे भाऊबंद यांना हिमालयासिटा या प्रजातीत घातले. अनेक पक्षीयाद्यांनी हा बदल स्वीकारला आहे. बहुतेक ग्रंथांत रुळलेले नाव म्हणून येथे जुनेच ठेवले आहे.

लांबी सुमारे ३३ सेंमी.; तीत मोठा वाटा शेपटीचा. शेपटी निळसर असून टोक पांढरे असते. गुलाबी डोक्याच्या पोपटात ते पिवळट असते. नराच्या गळ्याभोवती काळे कडे व खांद्यावर तांबडा ठिपका असतो. मादीला काळ्या कड्याऐवजी पिवळसर पट्टा असतो. पिलांचे डोके हिरवे असते. नराला पूर्ण रंग यायला दोन वर्षांहून अधिक काळ लागतो.

हा पक्षी मूळचा भारतीय उपखंडापुरता, हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंकेपर्यंत, आढळतो. अतिशुष्क प्रदेश तो टाळतो. नाशिक जिल्ह्यात म्हणूनच पश्चिमेकडील झाडीचा, घाटमाथ्याचा भाग (त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, इगतपुरी) त्याला मानवणारा. मालेगाव-येवल्याकडचे कोरडे माळ तसे नव्हेत. फळे, धान्य, बिया हे त्याचे खाद्य. सावर-पळसाच्या पाकळ्याही तो खातो. थव्याने उडताना झटकन वळणे घेण्यात तो साध्या पोपटाहून (सिटॅक्युला क्रॅमेरी, सर्वत्र दिसणारा हिरवा पोपट) चपळ आहे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत 'पोपट पडले' अशी ओरड होते तेव्हा बोट बहुधा साध्या पोपटाकडे असते. शेतकऱ्याच्या लेखी मात्र दोन्ही सारखेच.

भारतात विणीचा हंगाम मुख्यतः डिसेंबर ते एप्रिल. घरटे झाडाच्या ढोलीत असते व अंडी ४ ते ६, पांढरी असतात. ढोली जुन्या झाडांतच मिळत असल्याने जुनाट वृक्षांची तोड ही या पक्ष्यावरील खरी आपत्ती होय, थवे कितीही मोठे दिसोत.

जागतिक लाल यादीत ही जात 'कमी चिंतेची' मानली आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार देशी पोपट पकडणे, विकणे वा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. घरोघरच्या 'मिठू'लाही तो लागू होतो, हे अनेकांना ठाऊक नसते. वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापार-करारात (साइटीस) बहुतेक पोपट परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे ज्यांच्या व्यापारावर नियंत्रण आहे अशा जातींच्या यादीत, आहेत. तोई पोपटही तेथे आहे, साधा पोपट मात्र त्यातून वगळला आहे. नाशिक-येवल्याकडे संक्रांतीला पतंगांचा हंगाम ऐन विणीच्या काळात येतो. नायलॉन मांजावर २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बंदी घातली असली, तरी झाडांत अडकून राहिलेला धागा पतंगबाजी संपल्यावरही पक्ष्यांचे पंख कापतो.