थंड पाण्याची दाढी आणि गरम पाण्याची दाढी: केस मऊ नेमका कशानं होतो?

गरम पाण्यानं दाढी मऊ पडते, थंड पाण्यानं पडत नाही, ही समजूत इतकी पक्की आहे की गिझर बिघडला तर कित्येक जण दाढीच उद्यावर ढकलतात. या समजुतीत दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. एक म्हणजे केस भिजणं आणि दुसरी म्हणजे चेहरा शेकला जाणं. गरम पाण्यात दोन्ही एकाच वेळी होतात, म्हणून सगळं श्रेय उष्णतेला मिळतं. थंड पाण्यात केस भिजतो, जरा सावकाश भिजतो इतकंच, पण चेहरा शेकला जात नाही. पात्याला गरज असते ती भिजलेल्या केसाची. शेक मिळाला तर बरं वाटतं, पण त्याच्यावाचून अडत नाही.

दाढीचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरड्या केसात या प्रथिनाच्या साखळ्या असंख्य बारीक हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात, म्हणून दोन दिवसांचे खुंट बोटाला टोचतात. पाणी आत शिरलं की ते या बंधांच्या मधे जाऊन बसतं, साखळ्यांची पकड सैल होते आणि केस फुगतो. पुरता भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी धरतो. त्याची जाडी १४-१५ टक्क्यांनी वाढते, लांबी मात्र जेमतेम एक-दोन टक्के. असा फुगलेला, सैलावलेला केस कापायला कोरड्या केसापेक्षा खूपच कमी जोर लागतो. केस पुन्हा सुकला की ते बंध परत जुळतात आणि तो होता तसा राठ होतो. म्हणून फेस गालावर सुकू द्यायचा नसतो.

आता यात उष्णतेचं काम किती? दोन गोष्टींपुरतं. पहिली, गरम पाणी केसात लवकर शिरतं. कोमट पाण्यानं दोन-तीन मिनिटांत जे साधतं त्याला नळाच्या पाण्यानं आणखी थोडा वेळ लागतो. दुसरी, चेहऱ्यावरचं नैसर्गिक तेल केसांवरही पसरलेलं असतं आणि ते पाण्याला आत येऊ देत नाही. गरम पाण्यानं ते पातळ होऊन सुटायला मदत होते. ही दोन्ही कामं उष्णतेशिवायही होतात. वेळ आपण देऊ शकतो आणि तेल साबण काढू शकतो. थंड पाण्यानं दाढी करणाऱ्यानं आधी साबणानं चेहरा नीट धुतला, तर निम्मं काम तिथंच होतं.

थंड पाणी बदनाम झालं ते या वेळेच्या हिशेबामुळे. गरम पाण्यानं दाढी करणारा बहुतेक वेळा आंघोळ करून आरशासमोर येतो, म्हणजे त्याची दाढी आधीच पाच-दहा मिनिटं भिजलेली असते. थंड पाण्यानं करणारा घाईत असतो. गालावर दोन ओंजळी पाणी मारतो, फेस फासतो आणि लगेच पातं फिरवायला घेतो. ती खरं तर अर्धी कोरडी दाढी झाली. मग गालाची आग होते, मानेवर लाल पट्टे उठतात आणि दोष जातो पाण्याच्या गारव्याला. कोरडी दाढी आणि थंड पाण्याची दाढी या दोहोंत माणसं गल्लत करतात ती इथं. खरी तुलना करायची तर दोघांनाही भिजायला पुरेसा वेळ मिळायला हवा. तो दिला की दोन्हींतला फरक आश्चर्य वाटावं इतका कमी उरतो.

गावोगावच्या न्हाव्यांना हे पक्कं ठाऊक होतं. ओट्यावर नाहीतर झाडाखाली धोकटी उघडायची, वाटीत साधं पाणी घ्यायचं आणि बोटांनी गाल, हनुवटी, मान चोळत राहायचं. पुष्कळदा साबणसुद्धा नसायचा. चोळताना गप्पा रंगायच्या, तोवर केस मऊ व्हायचा, आणि मगच वस्तरा चामड्यावर लावून हातात घेतला जायचा. नाशिकला रामकुंडावर क्षौर होतं तेही गार पाण्यावरच. तिथंही आधी डोकं भरपूर भिजवून चोळतात. आजच्या सलूनमधला गरम टॉवेल आपण उष्णतेचा म्हणून ओळखतो, पण त्याचं मोठं काम पाणी काही मिनिटं गालाला धरून ठेवण्याचं आहे. गार ओला टॉवेलही ते करतो. घरी कुणी करून बघत नाही, एवढंच.

‘थंड’ म्हणजे किती थंड, हाही प्रश्न आहेच. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हात मागे घ्यायला लावतं. तिथं ‘नळाचं पाणी’ आणि ‘गरम पाणी’ यांत काही अंतरच राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो, तिथलं सकाळचं पाणी वेगळंच. कोकणात वर्षभर नळाचं पाणी सोसवेल असंच असतं. म्हणून ‘थंड पाण्यानं दाढी करा’ हा सल्ला सगळ्यांना सरसकट देण्यात अर्थ नाही. माझ्या मते महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत वर्षातले आठ-नऊ महिने नळाचं पाणी दाढीला उत्तम आहे, आणि त्या काळात दाढीसाठी म्हणून पाणी तापवणं हा निव्वळ सवयीचा भाग आहे.

फेसाचा मुद्दा मला यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. अंगाचा साबण बहुतांशी सोडियमचा असतो. त्यातलं सोडियम स्टिअरेट गार पाण्यात फारसं विरघळत नाही. ब्रश कितीही घुसळा, फेस पाणचट येतो आणि क्षणात बसतो. दाढीच्या क्रीममध्ये आणि चांगल्या दाढीच्या साबणात पोटॅशियमचा साबण असतो, तो गार पाण्यातही सहज विरघळतो आणि घट्ट, चिकट फेस देतो. घरी अंगाचाच साबण गालाला लावून दाढी करणाऱ्यांना गरम पाण्याशिवाय जमत नाही याचं कारण हे आहे. उष्णता त्यांच्या साबणाची उणीव भरून काढत असते. त्यांनी क्रीमची एक ट्यूब आणली तर गिझरची गरज बरीच कमी होईल.

दुसरी अडचण पाण्यातल्या क्षारांची. मराठवाड्यात, सोलापूरकडे, आणि शहरांतही बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांत पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि फेसाऐवजी न विरघळणारा पांढरा साका तयार करतं. बेसिनच्या कडेला जो चिवट थर बसतो तोच गालावरही बसतो. पातं त्यावरून अडखळत जातं. अशा घरात पाणी उकळून, निवळून घेतलं तर फेस सुधारतो, कारण उकळल्यावर बायकार्बोनेटचे क्षार तळाशी बसतात. गिझरच्या कॉइलवर आणि पातेल्याच्या तळाला जो खडूसारखा थर दिसतो तो त्यांचाच. म्हणजे इथंही उपयोगी पडलं ते क्षार कमी होणं, पाण्याचा गरमपणा नव्हे. तेच पाणी उकळून, निववून, गार करून वापरलं तरी फेस तसाच चांगला येईल. मात्र सल्फेट आणि क्लोराइडचे क्षार उकळून जात नाहीत. तिथं दाढीपुरतं कपभर आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घेणं हा सोपा मार्ग. ब्रश भिजवायला आणि फेस करायला तेवढं पुरतं, पातं धुवायला बोअरचं पाणी चालतं.

गरम पाण्याचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा ते जास्त गरम असल्यामुळे. पाणी साधारण ४३ ते ४५ अंशांच्या पुढे गेलं की कातडीला ते दुखरं लागतं, आणि ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. चेहऱ्याला ३८-४० अंश, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या आसपास, पुरेसं आहे. त्याहून कडक पाण्यानं त्वचेवरचं रक्षक तेल फार निघून जातं, वरचा थर फुगून नाजूक होतो आणि पातं केसाबरोबर त्यालाही खरवडतं. रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, त्यामुळे चेहरा आधीच लाल आणि कापलं तर रक्त जरा जास्त. हिवाळ्यात ज्यांची त्वचा कोरडी पडून खाजते त्यांनी कढत पाण्याचा मोह टाळलेलाच बरा.

थंड पाण्याचे खरे फायदे याच्या उलट बाजूला आहेत. त्यानं रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, दाढीनंतरची लाली आणि आग कमी जाणवते, बारीकसं कापलं तर रक्त लवकर थांबतं. उन्हाळ्यात तर ते सुखाचंच. तोटाही त्याच गुणातून येतो. फार गार पाण्यानं त्वचा किंचित बधिर होते आणि पातं बोथट झालंय, केस ओढतंय, हे वेळेवर कळत नाही. नंतर टॉवेल लावताना कळतं. म्हणून गार पाण्यानं दाढी करणाऱ्यानं पात्याच्या बाबतीत जास्त काटेकोर असायला हवं. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजी पाच ते सात दाढ्यांनंतर पातं बदलायला सांगते. ज्याची दाढी राठ आहे त्यानं हा आकडा कमाल मर्यादा समजावा.

थंड पाण्याचे चाहते मात्र कधी कधी भलतंच सांगतात. गारव्यानं केस ताठ उभे राहतात आणि मुळापासून कापले जातात, हा त्यांचा आवडता दावा. अंगावर काटा येतो तेव्हा केसाच्या मुळाशी असलेला छोटा स्नायू आखडतो आणि केस उभा राहतो, इथवर खरं आहे. पण काटा हातापायांवर येतो, गालावर तो क्वचितच दिसतो. शिवाय जिथं काटा येतो तिथं केसाभोवतीची कातडीही वर उचलली जाते आणि पात्याच्या वाटेत येते, म्हणजे फायदा तिथंच संपला. दुसरा दावा रंध्रांचा: गरम पाण्यानं उघडतात, गार पाण्यानं बंद होतात. रंध्रांना उघडझाप करणारा स्नायूच नसतो. गरम पाण्यानं त्यांतलं तेल सैल होतं, गार पाण्यानं आजूबाजूची त्वचा थोडी आवळल्यासारखी वाटते, इतकंच.

पात्याबद्दलचे दावे तर लवकर निकालात निघतात. गरम पाण्यानं धार प्रसरण पावते किंवा बोथट होते असं म्हणतात. पोलाद एका अंशाला लाखात साधारण एक भाग एवढंच प्रसरण पावतं. पाणी ३० अंशांनी तापलं तरी फरक ०.०३ टक्क्यांचा, तो हाताला कळणं शक्य नाही. धार जाते ती केसामुळे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही, तो वाकून पात्याला तिरका भिडला की धारेचा बारीक टवका उडवू शकतो.

मानेवर पुळ्या येतात, केस आत वळून पुन्हा कातडीत शिरतात, त्यांचा प्रश्न पाण्यानं सुटत नाही, गरमही नाही आणि गारही नाही. केस कातडीच्या पातळीखाली कापला गेला आणि तो कुरळा असला की आत वळतो. तिथं उपाय म्हणजे उलटी दाढी न करणं, कातडी ताणून न धरणं, एकाच जागी पुन्हा पुन्हा पातं न फिरवणं आणि थोडे खुंट राहिले तरी चालवून घेणं. आणखी एक सूचना: गार पाणी लागताच ज्यांच्या अंगावर गांधी उठतात त्यांनी गार पाण्याच्या नादी लागू नये. त्यांना कोमटच योग्य, आणि हा त्रास नवा असेल तर डॉक्टरांना दाखवावं.

ज्याला गार पाण्यानं करून बघायची आहे त्यानं आधी चेहरा साबणानं धुवावा, पुसू नये. ओल्या गालावर क्रीम लावून ब्रशनं निवांत, निदान तीनेक मिनिटं गोल गोल फिरवत राहावं. फेस सुकायला लागला की ब्रशचं टोक पाण्यात बुडवून पुन्हा घासावं. हनुवटी आणि ओठांवरचा भाग सगळ्यात राठ, म्हणून तिथं फेस आधी लावावा आणि पातं शेवटी फिरवावं, म्हणजे त्या केसांना भिजायला जास्त वेळ मिळतो. पातं केसांच्या दिशेनं, जोर न लावता. निफाडच्या थंडीत भिजवण्यापुरतं पाणी खुशाल कोमट करावं आणि शेवटचं धुणं गार ठेवावं. दोन्हींचा चांगला भाग यात मिळतो. कुठं कापलं असेल तर ओली तुरटी तिथं हलकेच टेकवावी, घासू नये. तिच्यामुळे रक्तातली प्रथिनं साकळतात आणि जखमेचं तोंड आवळलं जातं. मिनिटभरानं तुरटी धुऊन टाकावी, नाहीतर त्वचा कोरडी पडून ताणल्यासारखी होते.