होला चोच मिटून कसा बसतो?

एप्रिल उजाडला की चोच वासून बसलेल्या कावळ्याचा फोटो मोबाइलवर फिरू लागतो. खाली ओळ असते, ‘मुका जीव पाणी मागतोय.’ भावना चांगली आहे, अर्थ मात्र चुकलेला आहे. तो कावळा त्या क्षणी अंगातलं पाणी मुद्दाम बाहेर टाकत असतो. परभणी, बीड, नांदेडकडच्या कुठल्याही गावात मे महिन्याच्या दुपारी कडुनिंबाखाली उभं राहून बघा. कावळा आणि साळुंकी धापा टाकताना दिसतील. त्याच झाडावर, त्याच 43 अंशांत होला मात्र बहुधा चोच मिटून बसलेला असतो. ते कसं जमतं, हे सांगण्यासाठी हा लेख.

पक्ष्यांचं अंग मुळात आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण 40 ते 42 अंश. त्यामुळे 38 अंशांच्या हवेत आपण हैराण होतो तेव्हाही त्यांच्या अंगातली उष्णता आपसूक बाहेर जात असते. हवा अंगापेक्षा गरम झाली की ही सवलत संपते, उष्णता उलट आत शिरू लागते. मराठवाडा वाळवंट नव्हे, पण मे महिन्यातल्या बऱ्याच दुपारी इथला पारा ही रेघ ओलांडतो. मग एकच वाट उरते, ती म्हणजे पाण्याची वाफ करणं. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, हे इथे ध्यानात ठेवायचं.

आता हिशेब बघा. 1 ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 ज्यूल उष्णता शोषली जाते. म्हणजे अंगातून सतत 1 वॅट उष्णता काढायची, तर तासाला दीड ग्रॅम पाणी लागतं. 90 ग्रॅमच्या होल्याचं सहा तासांत 9 ग्रॅम पाणी जाईल, वजनाचा दहावा हिस्सा!

कावळा हे पाणी धाप टाकून उडवतो. पण धाप टाकायला छातीचे स्नायू राबतात आणि राबणारे स्नायू स्वतःच उष्णता तयार करतात. शिवाय भराभर श्वास सोडल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि रक्त अल्कधर्मी होतं. कोंबडीपालन करणाऱ्यांना हा प्रकार वेगळ्या रूपात ठाऊक आहे. उन्हाळ्यात अंड्याचं कवच पातळ होतं, त्याला कमी खाण्याइतकीच ही धापही कारणीभूत असते. कवचासाठी लागणारं कार्बोनेटच कमी पडतं. रातवा हा निशाचर पक्षी यातून थोडी सुटका करून घेतो. तो नुसती गळ्याची पातळ कातडी थरथरवतो, त्यामुळे श्रम फार थोडे पडतात.

होला याही पुढे गेला आहे. तो पाणी थेट कातडीतून उडवतो. माठ जसा पाझरतो आणि गार होतो, तसं. होल्याचं चुलत भावंड म्हणजे कबुतर, आणि यावरचा बराचसा अभ्यास कबुतरांवरच झाला. इस्रायलमध्ये जेकब मार्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की उष्णतेला सरावलेली कबुतरं 50 अंशांच्या वरच्या कोरड्या हवेतही धाप न टाकता शरीराचं तापमान सांभाळतात. कातडीखालच्या धमनिका रुंदावतात, केशवाहिन्यांतला दाब वाढतो, रक्तद्रवातलं पाणी बाहेर ढकललं जातं आणि बाह्यत्वचेतून झिरपून उडून जातं. ही झडप चेतासंस्थेच्या हाती असते. अॅड्रिनलीनला प्रतिसाद देणारे पेशींवरचे बीटा-ग्राही (रिसेप्टर) रोखले की ती उघडते. रक्तदाबाच्या रुग्णांना देतात ते प्रोप्रॅनोलॉल कबुतराला टोचलं, तर ऊन नसतानाही त्याच्या कातडीतून जोरात बाष्पीभवन सुरू होतं. बाह्यत्वचेतल्या मेदाच्या थरांची रचनाही महत्त्वाची, कारण पाणी किती सहज सुटेल हे त्यावर ठरतं. ऑस्ट्रेलियातल्या झेब्रा फिंचला पाणी मिळेनासं झालं की ती याच मेदाचा बांध घालून कातडी जवळजवळ जलरोधक करते. एकाच अवयवाचा असा दुहेरी उपयोग मला अत्यंत सुंदर वाटतो.

या सोयीची किंमत एकच आहे. रोज पाणी मिळायला हवं. होला आणि कबुतर चोच बुडवून, मान वर न करता पाणी ओढतात, त्यामुळे पाणवठ्यावरचं काम झटपट उरकतं. माळरानावरची पखुर्डी पाण्यासाठी कित्येक किलोमीटर उडते. तिचा नर पोटाची पिसं भिजवून पिलांपर्यंत पाणी नेतो.

टिटवीही पोट भिजवते, पण अंडी गार ठेवण्यासाठी. तिची अंडी उघड्या जमिनीवर असतात. ती भर उन्हात त्यांच्यावर सावली धरून उभी राहते आणि मधूनच जाऊन पोट ओलं करून येते. रात्री तिची हाक ऐकली की कुणीतरी जाणार, असं आपल्याकडे अजून म्हणतात. घरट्याजवळ कुत्रं किंवा माणूस आला म्हणून ती ओरडते. त्यात कुणाच्या मरणाचा काहीही संबंध नाही. या पाखराला अपशकुनी ठरवून हुसकावणं थांबलंच पाहिजे.

अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या जागी पक्षी नोंदवले होते, तिथेच पुन्हा पाहणी झाली. 2018 मध्ये निष्कर्ष आला की प्रत्येक जागेवरच्या सरासरी 43 टक्के पक्षीजाती नाहीशा झाल्या आहेत. पुढच्या अभ्यासात दिसलं की अंग गार ठेवायला ज्यांना जास्त पाणी लागतं, त्यांची घट जास्त झाली. वाळवंटात मुरलेल्या पाखरांची ही गत आहे. आपल्याकडे 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा आसपासच्या आटलेल्या ओढ्यांवरच्या होल्यांची मोजदाद कुणी ठेवली असेल, असं मला वाटत नाही.

पाणी ठेवणार असाल तर पसरट भांडं सावलीत ठेवा, होल्याची चोच बुडेल इतकं भरा आणि रोज बदला. ग्लुकोज किंवा मिठाची पुडी त्यात टाकायचे सल्ले फिरतात, ते ऐकू नका. बहुतेक पक्ष्यांची मूत्रपिंडं जास्तीचं मीठ बाहेर टाकण्यात कच्ची असतात, आणि ते मीठ धुवून काढायला त्यांना आणखी पाणी खर्चावं लागतं.