सुकाणूविना चव्वेचाळीस मिनिटे

विमानात बिघाड झाला की वैमानिकाने सुचेल ते करायचे नसते. त्या बिघाडासाठी आधीच लिहून ठेवलेली कृतिसूची उघडायची आणि तिच्यातील एकेक कलम मोठ्याने वाचत पार पाडायचे, अशी शिस्त असते. १९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या २३२ क्रमांकाच्या उड्डाणात कप्तान अल हेन्स यांच्यापुढे जे उभे राहिले, त्यासाठी मात्र कोणतीही सूची नव्हती. फ्लाइट इंजिनिअर डडली ड्वोरॅक यांनी रेडिओवरून कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को येथील देखभाल केंद्राला गाठले, तेव्हा द्रवाच्या दाबाने विमानाचे नियंत्रण-पृष्ठभाग हलवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा एकदम निकामी झाल्या आहेत यावर तिथल्या तज्ज्ञांचा विश्वासच बसेना.

ते विमान डीसी-१० जातीचे, म्हणजे तीन इंजिनांचे होते. दोन इंजिने पंखांखाली आणि तिसरे शेपटात. सदतीस हजार फुटांवर या तिसऱ्या इंजिनातील पंख्याची टायटॅनियमची चकती फुटली. धातू तयार होतानाच तिच्यात एक सूक्ष्म दोष राहून गेला होता. त्यातून निघालेली भेग वर्षानुवर्षे वाढत गेली आणि तपासणीत ती कोणाच्या नजरेस आली नाही. उडालेल्या तुकड्यांनी शेपटातील हायड्रॉलिक नळ्या कापल्या. एक यंत्रणा गेली तर दुसरी आणि दुसरी गेली तर तिसरी, असा रचनाकारांचा हिशेब होता. पण शेपटापाशी तिन्ही यंत्रणा एकमेकींजवळ आल्या होत्या, आणि एकच स्फोट तिघींना पुरला. द्रव गळून गेल्यावर विमानाचे नाक वरखाली करणारे आणि त्याला वळवणारे सगळे पृष्ठभाग जागच्या जागी थिजले. सहवैमानिक विल्यम रेकॉर्ड्स यांनी सुकाणू पूर्ण डावीकडे फिरवून धरले होते, तरी विमान उजवीकडेच कलंडत चालले होते.

हेन्स यांनी डाव्या इंजिनाची शक्ती काढून घेतली, उजव्याची पूर्ण वाढवली, आणि उजवा पंख हळूहळू वर आला. त्यापुढे विमान चालवायचे ते केवळ या दोन इंजिनांच्या थ्रॉटलांवर, म्हणजे शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांवर. प्रवाशांत डेनिस फिच नावाचे, वैमानिकांना प्रशिक्षण देणारे एक कप्तान होते. त्यांनी मदत देऊ केली आणि हेन्स यांनी त्यांना आत बोलावले. दोन्ही खुर्च्यांच्या मध्ये गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांत एकेक थ्रॉटल धरून फिच काम करू लागले. काम उलट्या बुद्धीचे होते. नाक खाली गेले की वेग वाढतो, वेगामुळे उद्वहन, म्हणजे पंखांना वर उचलणारा जोर, वाढून नाक वर येते, वर चढताना वेग घटतो आणि नाक पुन्हा खाली जाते. असा एकेक हेलकावा मिनिटभर चालतो. तो शमवायचा तर विमान खाली झेपावत असतानाच शक्ती वाढवायची, कारण पंखांखालच्या इंजिनांचा जोर नाक वर उचलतो, आणि नाक वर येऊ लागताच शक्ती कमी करायची. शिवाय इंजिनाचा प्रतिसाद काही क्षण उशिरा येतो, म्हणून प्रत्येक हालचाल आधीच ओळखून करावी लागे.

हेन्स पुढे अनेक वर्षे आपल्या व्याख्यानांतून सांगत, की १९८० पर्यंत कप्तान म्हणेल तीच पूर्व दिशा, असाच रिवाज होता, आणि त्यापायी काही विमाने गमवावी लागली. त्याच कंपनीचे एक विमान डिसेंबर १९७८ मध्ये पोर्टलंडजवळ चाकांच्या बिघाडाचा उलगडा करत घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून कोसळले. इंधन संपत आल्याचे सहकाऱ्यांनी सुचवले होते, पण ठासून सांगितले नव्हते. त्यानंतर कंपनीने सर्वांचे म्हणणे कप्तानापर्यंत पोहोचावे यासाठी खास प्रशिक्षण सुरू केले. २३२ च्या कॉकपिटमध्ये चौघांचा मिळून १०३ वर्षांचा उड्डाणानुभव होता, पण असे विमान चालवल्याचा अनुभव एकाला एका मिनिटाचाही नव्हता. मग इतर तिघांपेक्षा आपल्यालाच अधिक का कळावे, असा हेन्स यांचा प्रश्न असे. मला तो नम्रतेपेक्षा हिशेबाचा वाटतो.

आयोवा राज्यातील सू सिटीच्या कंट्रोलरने कोणत्याही धावपट्टीवर उतरायला मोकळीक दिली, तेव्हा धावपट्टीच हवी असा तुमचा आग्रह दिसतो, असे हेन्स हसत म्हणाले. उतरताना कमी वेगातही विमान तोलून धरणारे पंखांवरचे फ्लॅप, म्हणजे हलत्या झडपा, उघडणे शक्य नव्हते, त्यामुळे विमान ताशी सुमारे चारशे किलोमीटर वेगाने आले. जमिनीपासून शंभर फुटांवर नाक आणि उजवा पंख पुन्हा खाली गेले. विमान आदळून फुटले आणि पेटले. २९६ पैकी १८४ जण वाचले.

वाचण्याच्या कारणांत हेन्स नशिबाला पहिले स्थान देत. दिवसाउजेडी घडले, रुग्णालयांत पाळ्या बदलण्याची वेळ होती, नॅशनल गार्ड या राखीव दलाचे जवान विमानतळावर हजर होते. नंतर सिम्युलेटरवर, म्हणजे विमानाची नक्कल करणाऱ्या यंत्रावर, याच स्थितीत इतर वैमानिकांना बसवून पाहिले, तेव्हा असे उतरणे सरावाने शिकवता येण्याजोगे नाही, असा निष्कर्ष तपास यंत्रणेने काढला. मग नासाच्या अभियंत्यांनी थ्रॉटलांचे ते काम संगणकावर सोपवले, आणि ऑगस्ट १९९५ मध्ये एडवर्ड्स तळावर एक एमडी-११ विमान केवळ इंजिनांच्या शक्तीवर सुखरूप उतरवून दाखवले.