मायना
मराठी पत्राच्या आरंभी, पत्र पाठवणारा आणि ते ज्याला पाठवायचे तो यांच्या परस्पर दर्जानुसार लिहिल्या जाणाऱ्या ठरीव शब्दावलीस मायना म्हणतात. मराठेशाहीतील मोडी पत्रांत मायन्यावर नजर टाकताच कोण वडील, कोण धाकटा, कोण चाकर आणि कोण कोणत्या जातीचा हे बहुधा उलगडते. संबंधाची ही माहिती मुख्य मजकुरात अनेकदा मिळत नाही.

शिवकालीन आरंभीच्या आज्ञापत्रांत ‘मशहुरुल अनाम’ (लोकांत प्रसिद्ध) यांसारखी फार्सी वळणे सर्रास दिसतात. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर त्यांची जागा ‘स्वस्ति श्री राज्याभिषेक शक’ आणि ‘क्षत्रियकुलावतंस’ या संस्कृत शब्दावलीने घेतली. पेशवाईत ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ हा सरदारांचा मायना रूढ होता. पेशवे ब्राह्मण असल्याने शिंदे-होळकरांना लिहिताना ‘आशीर्वाद’ घालीत, मराठा सरदार ब्राह्मणास ‘दंडवत’ लिही, मराठे आपसांत ‘रामराम’ करीत आणि ब्राह्मण ब्राह्मणाला ‘नमस्कार’ लिही. बायकांच्या मायन्यात वैवाहिक स्थितीच बोले: सधवेला ‘सौभाग्यवती वज्रचूडेमंडित’, विधवेला ‘गंगाभागीरथी’.

हीच उतरंड तोंडी अभिवादनातही होती. महाराने वरिष्ठांपुढे ‘जोहार’ म्हणावे अशी रीत होती आणि चोखामेळ्याच्या अभंगांत हा शब्द देवासमोर उभा राहतो. अभिवादनाचा शब्द बदलणे म्हणजे पायरी ओलांडणे, असे त्या काळी मानले जाई. मुंबईत सोनार ‘नमस्कार’ म्हणू लागले तेव्हा त्यांना तो अधिकार नाही अशी तक्रार ब्राह्मणांनी केली आणि १७७९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने सोनारांना तो शब्द वापरण्यास मनाई केली. एका परक्या व्यापारी कंपनीने नमस्काराचा निवाडा करावा, हे आज चमत्कारिक वाटते. पण जातींचे वाद सोडवणे हे त्या काळी राज्यकर्त्याचे कामच समजले जाई.

छापील पत्रव्यवहाराच्या काळात मायने आखूड झाले. ‘तीर्थस्वरूप’चे ‘ती.’, ‘राजमान्य राजेश्री’चे ‘रा. रा.’ आणि ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’चे ‘सा. न. वि. वि.’ असे संक्षेप झाले व त्यांचा पूर्ण अर्थ लिहिणाऱ्यालाही नेहमी आठवेनासा झाला. ‘जोहार’ची जागा विसाव्या शतकात ‘जय भीम’ने घेतली, या अभिवादनाचे श्रेय सामान्यतः कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास यांना दिले जाते.